तळाशी राहिलेला हिरवा

३, सोमवार

दहा महिन्यांनी वही उघडली. मधली पानं कोरी आहेत. त्यांत लिहिण्यासारखं एकच होतं. आमचा मुलगा ज्या टगबोटीचं इंजिन सांभाळायचा, ती एक मोठं जहाज ओढत होती. दोर आडवा आला आणि बोट चार मिनिटांत उलटली. सहा जणांतले पाच वर आले. अकरा दिवस शोधलं, मग शोध थांबवला.

आज त्या बोटीचे कप्तान घरी आले होते. खुर्चीच्या कडेवर बसले आणि चहा पार निववून टाकला. अठ्ठावीस तारखेला नवी टगबोट कामाला लागतेय, तिच्यावर खलाशांच्या खोलीत जुन्या बोटीचं मॉडेल ठेवायचंय म्हणाले. ‘तो करत होता ना एक? आहे का ते अजून?’

आहे म्हणालो. पुरं करून देतो असंही म्हणून बसलो. ही स्वयंपाकघरातून बघत होती. सूनबाई दारात उभी होती, ती आत निघून गेली. वरच्या खोलीचा विषय निघाला की तिचं हे असंच. दहा महिन्यांत एकदाही वर गेलेली नाही. आमच्यासमोर कधी रडलीही नाही. महिनाअखेरीला तिचा भाऊ येऊन तिला माहेरी नेणार आहे. तिकडच्या शाळेत तिच्यासाठी नोकरी बघून ठेवलीय. आम्ही आणि त्याने मिळूनच तसं ठरवलं. तिशीची पोर, किती दिवस बसवून ठेवायची? आणि जिला त्या खोलीत पाय टाकवत नाही, ती लवकर विसरेल. मला त्याचा राग येतो हे खरं आहे. इथे लिहायला हरकत नाही.

४, मंगळवार

वर गेलो. बोट टेबलावर, जुन्या चादरीखाली. हातभर लांब. जोडकाम सगळं झालंय. वरची केबिन पांढरी रंगवून, कागद गुंडाळून ठेवलीय. अंगावर रंगाआधीचं करडं अस्तर आहे. म्हणजे उरला तो अंगाचा हिरवा.

भिंतीवर दोन एअरब्रश, हवेच्या दाबाने रंग फवारायचे. डावीकडचा माझा, वाटीवाला. रंगाची वाटी वरच्या बाजूला असते. चार थेंब टाकले तरी आपल्या वजनाने खाली उतरतात. दाब कमी पुरतो आणि शेवटचा थेंबसुद्धा कामी येतो. उजवीकडचा त्याचा, बाटलीवाला. बाटली खाली लोंबते आणि हवेच्या जोरावर रंग नळीतून वर ओढायचा. दाब जवळजवळ दुप्पट लागतो, आणि तळचा चमचाभर रंग नळीला सापडतच नाही. मी पस्तीस वर्षं प्रेशर गेज दुरुस्त करतोय, आजही सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी दुकानात जातो. मला वाया गेलेली हवा सहन होत नाही आणि वाया गेलेला रंगही.

या दोन ब्रशांवरून आम्ही बापलेक सहा वर्षं भांडलो. तो म्हणायचा, ‘बाबा, तुम्ही थेंब मोजत बसा, तोवर माझी बोट वाळून तयार होते.’ मी म्हणायचो, बाटलीवाल्यांना हात नसतो, नुसती घाई असते. आधी गंमत होती. मग दोघंही हट्टाला पेटलो, आणि एका खोलीत बसून काम करायचं बंद झालं.

शेवटचं बोटीवर जायच्या आदल्या दिवशी त्याने हा हिरवा मिसळला. मी काहीतरी शोधायला वर गेलो होतो. बाटली बघून म्हणालो, ‘एवढा रंग केलास, तळचा नेहमीसारखा फुकट घालवशील.’

तो म्हणाला, ‘राहू दे की थोडा, बाबा. सगळं कशाला संपवायला हवं?’

मी तसाच खाली आलो. सकाळी तो निघाला तेव्हा मी दुकानात होतो.

बाटली अजून ब्रशशेजारी आहे. झाकणाच्या भोकावर चिकटपट्टी लावून गेला, म्हणून रंग वाळला नाही. हलवून बघितली. अर्धी आहे.

६, गुरुवार

दोन दिवस रंग मिसळतोय. बंदरावरचा खरा हिरवा घेऊन छोट्या बोटीला लावला तर ती काळवंडलेली दिसते. लहान वस्तूवर रंग फिका करावा लागतो, तरच तो लांबून बघितल्यासारखा वाटतो. नुसता पांढरा घातला तर खडूसारखा होतो. त्याने आणखी काहीतरी घातलंय, आणि काय घातलंय ते कुठे लिहिलेलं नाही. कप्पे पालथे घातले. साहेबांना लिहायचा कंटाळा.

त्याच्या बाटलीत रंग आहे आणि तो बरोबरच असणार. पण तिला हात लावायचा नाही असं ठरवलंय. तो रंग संपला की संपला.

७, शुक्रवार

दुकानातून आल्यावर जेवून वर बसलो होतो. उन्हं टेबलावर आलेली. मी कशालाही हात लावला नव्हता, आणि ब्रशना हवा पुरवणारा कॉम्प्रेसर आपोआप सुरू झाला. अर्धं मिनिट चालला, थांबला. मी उठून उभा राहिलो. मी त्याला नावाने हाक मारली. कितीतरी दिवसांनी ते नाव तोंडातून बाहेर पडलं.

मग डोकं ताळ्यावर आलं. टाकीतला दाब उतरला की तो आपोआप चालू होतो, म्हणजे कुठेतरी गळतंय. साबणाचं पाणी लावलं. पाईपाच्या सांध्याशी बुडबुडे आले. टेप गुंडाळून घट्ट केलं. पुढे दोन तास बसलो, आवाज नाही. माझं काम चोख असतं.

८, शनिवार

खोली फार शांत आहे. सांधा इतक्या घाईने घट्ट करायला नको होता.

१०, सोमवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दुकानातून एकला आलो. वर गेलो. हवेचा दाब मी रविवारी सोळावर ठेवला होता, माझ्या ब्रशला तेवढा लागतो. गेजचा काटा अठ्ठावीसवर होता. कॉम्प्रेसरला हात लावला तर कोमट. आणि बोटीची उजवी बाजू हिरवी होती. टोकापासून टोकापर्यंत, तो हिरवा. बाटलीतला रंग बोटभर खाली गेलेला.

खाली येऊन हिला विचारलं, ‘कुणी आलं होतं का घरी?’

‘कोण येणार?’

‘वर कोणी गेलं होतं?’

‘माझे गुडघे मला देवघरापर्यंत नेईनात, वर कुठे नेणार?’ असं म्हणून ती भांडी विसळायला लागली. सूनबाईला विचारण्यात अर्थ नव्हता. ती बिचारी कपडे वाळत घालत होती, तोंडावर रुमाल धरून खोकत.

मी साठी ओलांडलेला माणूस. भुताखेतांच्या गोष्टी मी दारातूनच परत पाठवत आलोय. पण माणसं खोटं बोलतात, गेज बोलत नाही. अठ्ठावीस म्हणजे बाटलीवाला. या घरात अठ्ठावीस लावणारा एकच होता.

आज दुसऱ्यांदा भात वाढून घेतला. ही बघतच राहिली.

१२, बुधवार

पुन्हा आला. उजव्या बाजूवर दुसरा हात मारून गेला. वाळल्यावर बघितलं, छान बसलाय. कडेला जरा जाड झालाय, पण तेवढं चालायचं. सराव तुटलाय त्याचा.

आता माझ्या लक्षात आलं, मी दुकानात असलो की येतो. मी घरात असताना येत नाही. बरोबरच आहे. मी असताना आमचं धड कुठे जमायचं?

निघताना मी टेबलावर स्वच्छ फडकं ठेवलं होतं. ते वापरलेलं होतं, नीट घडी घालून ठेवलेलं. घडी घालायची अक्कल आता आली.

१४, शुक्रवार

आज मास्क बघितला. रंग मारताना तोंडावर बांधायचा तो, त्याचाच. खिळ्याला टांगलेला असतो. मागच्या पट्ट्याला गाठ मारून तो आखूड केलाय. चांगला चार बोटं आखूड.

त्याचं डोकं मोठं होतं. लहानपणी एकही टोपी बसायची नाही. मी मास्क हातात धरून बराच वेळ बसलो. दहा महिने पाण्यात. चेहरा आक्रसला असेल त्याचा. आता एवढासाच राहिला असेल.

मास्क परत खिळ्याला टांगला. हिला काही सांगितलं नाही. हिला सोसायचं नाही.

१५, शनिवार

आज त्याच्याशी बोललो, मोठ्याने. डाव्या बाजूची घाई करू नकोस म्हटलं. रंग पुरेल का बघ. नळी तळाला टेकायच्या आधी थांब. मग वाटलं, हे तर नेहमीचंच झालं, मी सूचना देतोय. म्हणून म्हटलं, बाटलीवाला वाईट नाही रे. मोठ्या अंगाला तोच बरा. माझ्या वाटीने एवढी बाजू इतकी एकसारखी झाली नसती.

हे सहा वर्षांत एकदा म्हटलं असतं तर माझं काय जात होतं?

सूनबाईचा खोकला जात नाही. हवा बदलतेय म्हणाली. गरम पाणी पी म्हटलं. नखांत हिरवं काय लागलंय विचारलं तर म्हणाली, भाजी निवडत होते.

१७, सोमवार

डावी बाजू सुरू केली, आणि घात झाला. मागून निम्मी झाली आणि मग रंग थुंकलाय. करड्या अस्तरावर हिरव्या ठिपक्यांचा सडा, नाकापाशी. बाटलीत रंग खाली गेला की नळी हवा ओढते आणि असे ठिपके उडतात. अशा वेळी बाटली पुढे तिरकी धरायची, हे त्याला झोपेतसुद्धा कळायचं. ही चूक त्याने कधीच केली नसती.

तिकडे विसरायला होत असेल. दुसरं काय असणार? हातचं इतकं पक्कं कामसुद्धा माणूस विसरतो, तर घर किती दिवस लक्षात राहील? आम्ही किती दिवस लक्षात राहू?

बाटलीत चमचाभर उरलाय. नळी आता त्याला पोहोचत नाही.

१८, मंगळवार

दुपारी जेवताना सूनबाईने आपणहून विषय काढला. डोळे सुजले होते, झोप झाली नाही म्हणाली. ‘बाबा, तुमच्या त्या वाटीच्या ब्रशला रंग किती लागतो हो?’

सहा वर्षांत पहिल्यांदा या घरात कुणीतरी हे विचारलं. गप्पा मारायच्या म्हणून विचारलं असेल, जायचे दिवस जवळ आलेत तिचे. मी सगळं समजावून सांगितलं. वरून रंग पडतो तो शेवटच्या थेंबापर्यंत पडतो, खालून ओढायचा म्हटलं की थोडा राहणारच.

‘म्हणजे तळचा वाटीत ओतला तर निघेल?’

‘निघेल की.’

‘मग तो पूर्ण संपेल.’

‘संपेल,’ म्हटलं. ती ताटात तसंच टाकून उठली.

आणि माझ्याच तोंडून माझ्या अडचणीचं उत्तर निघालं. उरलेला रंग माझ्या वाटीत ओतला तर डावी बाजू होते. अठ्ठावीस तारखेला बोट कप्तानांच्या हातात देता येते. पण बाटली रिकामी झाली की तो कशासाठी येईल? त्याचं इथे तेवढंच काम उरलंय. मी संपवायचं म्हणजे मीच त्याला जा म्हणायचं.

कप्तानांना नाही म्हणून टाकावं असं सकाळपासून तीनदा मनात आलं.

१९, बुधवार

दुकानात पोहोचलो आणि चष्मा घरी राहिल्याचं कळलं. माझ्या कामात चष्म्याशिवाय हात बांधल्यासारखे. परत फिरलो. दार लोटून आत आलो आणि वरून कॉम्प्रेसर ऐकू आला.

चप्पल जिन्याखाली काढली. चार पायऱ्या चढलो. कॉम्प्रेसर थांबला, मग ब्रशची बारीक फुसफूस. खरं लिहितो, मला भीती वाटली नाही. मला इतका आनंद कधी झाला नव्हता. काय बोलायचं ते ठरवत होतो. आधी सॉरी म्हणावं, की नुसतं काय रे, कधी आलास, असं म्हणावं.

मग वरून खोकला आला. नऊ-दहा दिवस मी तो खोकला घरात ऐकतोय.

आवाज न करता खाली उतरलो. ही टेबलापाशी बसली होती, माझ्याकडेच बघत. ‘बसा,’ म्हणाली. ‘आत्ता वर जाऊ नका.’

‘तुला माहीत होतं?’

‘गुडघे गेलेत माझे, कान नाही गेले.’

‘कधीपासून?’

‘दहा महिने. तुमची पाठ वळली की जाते. आधी नुसती बसायची. रडायची ती तिथेच रडायची, आपल्याला त्रास नको म्हणून. कप्तान येऊन गेले तेव्हापासून रंगवतेय.’

‘आणि मला सांगितलं नाहीस.’

‘काय सांगू? वर कुणाशी बोलता तेही ऐकू येतं मला. दहा महिन्यांनी पोटभर जेवायला लागला होतात. म्हटलं, चार दिवस होऊ दे.’ असं म्हणून तिने पदर तोंडाला लावला. मी चष्मा घेतला आणि दुकानात गेलो. एका गेजचा काटा उलटा बसवून आलो.

२०, गुरुवार

कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. काल आणि आज मी त्या पोरीचा द्वेष केला. तो परत आला होता. मी त्याला फडकं ठेवत होतो, त्याच्याशी बोलत होतो, आणि तिने तो पुन्हा नेला. समुद्राने नेला तेव्हा राग कुणावर काढायचा हे कळत नव्हतं.

ती समोरून ये-जा करते आणि नखं लपवते. गाठ, घडी, खोकला, भाजी. सगळं डोळ्यांसमोर होतं. पस्तीस वर्षं काटा वाचणाऱ्या माणसाला हे वाचता आलं नाही. वाचायचं नव्हतं.

२१, शुक्रवार

दुकानातून आलो. माझा वाटीवाला ब्रश जागेवरून हलला होता. वाटीचं झाकण काढून बाजूला ठेवलेलं. शेजारी त्याची बाटली, उघडी, तळच्या रंगासकट. बुधवारी तिने नुसता ब्रश धुतला असावा, चमचाभर तसाच होता. म्हणजे ओतायला गेली आणि तिच्या हातून झालं नाही.

मीही चार दिवस तेच करतोय.

२२, शनिवार

सकाळी जिन्यापाशी उभा राहून हाक मारली. ‘सूनबाई, वर ये.’

आली. दारातच उभी राहिली, चेहरा उतरलेला. मी तिला मास्क दिला. ‘गाठ तशीच आहे. बांध आधी. सुरुवातीला मास्क न लावता मारलास ना? म्हणून खोकला.’

‘बाबा, मी तुम्हाला विचारून...’

‘रंग कसा थुंकला?’

‘आवाज बदलला आणि एकदम उडाला.’

‘बाटली तिरकी धरायची अशा वेळी.’

‘ते धरायचे तिरकी. मी बघितलं होतं. मला वेळेवर सुचलं नाही.’ आणि मग ती रडली. माझ्यासमोर, पहिल्यांदा. मी काय करणार? स्टूल पुढे सरकवलं आणि बोळ्याने माझी वाटी उगाच दोनदा पुसली.

मग मी बाटली धरली आणि तिने काडीने तळचा रंग वाटीत उतरवला. वाटी पाऊण भरली. दाब मी सोळावर आणणार, तेवढ्यात तिनेच आणला. ‘कसं कळलं?’ म्हटलं. ‘सहा वर्षं ऐकलंय की,’ म्हणाली. ‘एक सोळा ओरडायचा, एक अठ्ठावीस.’

मी तिच्या हाताखालून कोपर धरलं होतं, नंतर सोडलं. हात चांगला आहे तिचा. ठिपक्यांवरून रंग गेला, मधला पट्टा भरला, पुढचं टोक राहिलं. वाटी रिकामी झाली तेव्हा नखाएवढी जागा करडी होती. ती बाटलीत डोकावली. ‘तळाशी अजून आहे थोडा. खरवडला तर निघेल.’

‘राहू दे थोडा,’ मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी, तो रंग मिसळत होता तेव्हा, ती इथेच खिडकीत बसली होती. माझ्या आत्ता ध्यानात आलं.

‘तेवढ्या जागेपुरता नवा करता येईल,’ ती म्हणाली. ‘हिरव्याचे अठरा ड्रॉपर, पांढऱ्याचे सहा, पिवळ्याचे दोन आणि काळ्याचा एकच थेंब. मिसळताना मोठ्याने मोजायचे आणि मला म्हणायचे, लक्ष ठेव, माझं चुकतं. आपण ड्रॉपरऐवजी थेंब मोजू, काळा नुसता काडीच्या टोकाने.’

‘मग आधी का नाही बोललीस? मी दोन दिवस इथे रंगपंचमी खेळत बसलो होतो.’

‘तुम्ही विचारलं नाहीत.’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘आणि नवा केला असता तर हा तसाच पडून वाळला असता. हा त्यांनी केलेला होता.’

नखाएवढी जागा नव्या रंगाने भरली. कुठे जुना संपतो आणि कुठे नवा लागतो, ते आता मलाही सांगता येणार नाही.

२८, शुक्रवार

बोट दिली. नाव लिहायचं काम तिने केलं, माझा हात आता अक्षरांना थरथरतो. कप्तानांनी मॉडेल दोन्ही हातांत घेतलं आणि अंगावरून बोट फिरवलं. डाव्या बाजूला नाकापाशी थांबले. ‘इथे जरा खरखरीत लागतंय.’

‘लागणार. तिथे रंग थुंकला होता. घासून काढता आला असता, पण तिथे आमच्या सुनेचा हात आहे.’

त्यांचं बोट तिथेच राहिलं. ‘खऱ्या बोटीचीही हीच जागा खरखरीत होती,’ म्हणाले. ‘धक्क्याला घासून घासून. तो दर वर्षी रंगवायचा.’ मग खिशातून रुमाल काढला आणि मी नव्या बोटीच्या इंजिनाचा दाब विचारला.

३०, रविवार

तिचा भाऊ आला. चांगला मुलगा आहे, सगळं ठरल्याप्रमाणे सांगत होता. गाडी किती वाजता, शाळा कुठे, खोली कशी. मी मध्येच म्हटलं, ‘तिला कुणी विचारलंय का?’ मीच कुठे विचारलं होतं? म्हणून तेव्हा विचारलं.

ती बराच वेळ ओढणीचं टोक चाळवत होती. ‘जाते बाबा,’ म्हणाली. ‘शाळा मला हवीय. पण जा आता, सुखी राहा, असं काही म्हणू नका. आणि परत येशीलच ना, असंही विचारू नका.’

नाही विचारलं. बाटलीवाला ब्रश खोक्यात घालून दिला. बाटली धुतली नव्हती. ती हिच्या गळ्यात पडली. माझ्या पाया पडायला वाकली तर मी मागे सरकलो आणि डोक्यावर हात ठेवला. लहान डोकं आहे.

७, सोमवार

दुकानात गेलो नाही. आज सकाळपासून वर आहे. तिच्यासाठी बाटली भरून पाठवायचीय. तिने मागितली नाही, पण ब्रश नेलाय आणि रंग नाही, याला काय अर्थ?

मास्क खिळ्याला आहे. गाठ सोडवायला गेलो, सुटली नाही. मग सोडवली नाही. माझ्यासाठी दुसरा आणेन.

कॉम्प्रेसर लावून टाकी भरून घेतली, रंग झाल्यावर माझ्या वाटीने मारून बघायचा म्हणून. काटा सोळावर. मग टेबलाशी बसलो आणि मोजायला लागलो. अकरापर्यंत मनात मोजलं आणि चुकलो. सगळं ओतून दिलं, पहिल्यापासून सुरू केलं, या वेळी मोठ्याने. खालून ही म्हणाली, ‘काय म्हणताय?’ मी म्हटलं, ‘मोजतोय. लक्ष ठेव, माझं चुकतं.’ खाली भांड्यांचा आवाज थांबला.

सोळा. सतरा. अठरा. पांढरा. पिवळा. काळ्याचा थेंब हातात धरलेला, आणि कॉम्प्रेसर सुरू झाला. मी ब्रशला हात लावला नव्हता. अर्धं मिनिट चालला, थांबला.

सांधा सैल झाला असेल. टेप जुनी झाली की होतं असं. घट्ट करायला दोन मिनिटं पुरतील, पाना इथे समोरच आहे.

थेंब टाकला. हलवलं. तोच हिरवा.

सांध्याला मी हात लावणार नाही.